पोळ्या लाटणारा हात आणि एका रविवारची तालीम

"मनगटाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, पण एका हाताने माझे कसे होणार? घरच्यांवर ओझे होण्यापेक्षा दुखणे सोसत राहिले तर काय बिघडेल?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि विचारणाऱ्यांत बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया होत्या. त्याचे उत्तर मी एका बाईंच्या अनुभवातून देते. मी त्यांना ताई म्हणत असे, येथेही तेच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंचा पोळी-भाजीच्या डब्यांचा घरगुती व्यवसाय होता. रोज शंभराच्या आसपास पोळ्या त्या एकट्या लाटत. दोन वर्षांपासून त्यांना रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येई, आणि मग अंथरुणात बसून हात झटकल्याशिवाय पुन्हा डोळा लागत नसे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होई. करंगळी मात्र शाबूत राहत असे. थायरॉइडच्या गोळ्या चालू होत्या, रात्री मनगटाला पट्टा बांधून झाला होता, एक इंजेक्शनही झाले होते. नसांच्या तपासणीनंतर सर्जननी दोन्ही मनगटांना कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटातली नस दबल्याचा, त्रास असल्याचे आणि उजव्या हाताची शस्त्रक्रिया आधी करावी लागेल असे सांगितले. ताईंनी तारीख घेतली, रद्द केली, पुन्हा घेतली, पुन्हा रद्द केली, आणि मग त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आले.

शस्त्रक्रिया करावी की नाही हे सांगणे समुपदेशकाचे काम नाही, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. परंतु सर्जननी सांगितलेले त्यांना नेमके किती उमगले आहे हे पाहणे माझे काम होते, आणि ते फारसे उमगलेले नव्हते. "नस कापतात ना हो, मॅडम?" असे त्यांनी विचारले तेव्हा भीतीचे एक मूळ सापडले. मनगटात हाडांची खोबण आणि तिच्यावरून जाणारा एक जाड आडवा पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे मुडपणाऱ्या नऊ दोऱ्यांसोबत ही नस तळहातात उतरते. शस्त्रक्रियेत कापला जातो तो वरचा पट्टा, म्हणजे नसेला जागा मिळते. बहुधा फक्त हात बधिर करून हे काम अर्ध्या तासाच्या आत होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. ताईंच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा खोलगट होऊ लागला होता. असा स्नायू एकदा फार वाळला की नंतर नस मोकळी करूनही ताकद पूर्ण परत येईलच असे नाही, म्हणून सर्जन घाई करीत होते. "सोसत राहिले तर काय बिघडेल" याचे उत्तर त्या खळगीत होते.

एवढे समजल्यावरही ताईंचा चेहरा उतरलेलाच होता. एका हाताने काय अडेल असे विचारले की त्या "सगळेच" म्हणत, आणि "सगळेच" या शब्दावर कोणताही उपाय चालत नाही. म्हणून मी त्यांना एक रविवार मागितला. त्या दिवशी उजव्या हातावर मोजा चढवून वर ओढणी गुंडाळायची आणि सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत डाव्या हातानेच वावरायचे. जे अडेल ते मुलीने वहीत लिहायचे.

वही उघडली तेव्हा तिच्यात कणीक, लाटणे, कुकर हे सारे अगदी शेवटी होते. सुरुवातीला परकराची नाडी होती, ब्लाउजचे हूक होते, केसांचा अंबाडा होता, टूथपेस्टचे झाकण होते. गोळी पाकिटातून बाहेर काढायला दोन हात लागतात हे त्यांच्या कधी ध्यानात आले नव्हते. मोबाइल उजव्या अंगठ्याच्या ठशाने उघडत असे. डाव्या हाताने जेवताना, आणि त्याच हाताने देवाला नैवेद्य दाखवताना, त्यांना रडू आले होते. ज्या समाजात दोन हातांची कामे लहानपणापासून वाटून दिलेली असतात, तेथे ही नुसती गैरसोय नसते, आणि तिला क्षुल्लक म्हणून हसणाऱ्यांनी स्वतः एक दिवस तसे काढून पाहावे असे मला वाटते.

आता बोलण्यासारखे काही हाती लागले होते. नाडीऐवजी इलॅस्टिकचे परकर आणि पुढून उघडणारे गाऊन आले. डाव्या अंगठ्याचा ठसा मोबाइलमध्ये नोंदवला गेला. आठवड्याच्या गोळ्या काढून सैल झाकणाच्या डबीत ठेवण्याचे मुलीने अंगावर घेतले. जेवायला चमचा ठरला आणि नैवेद्य यजमानांनी दाखवावा असे ठरले. हिरव्या बांगड्या उतरवण्याबद्दल ताई अडून बसल्या होत्या. परंतु हाताला सूज येणार असल्याने उजवा हात मोकळा ठेवावाच लागतो, हे नर्सबाईंनी सांगितल्यावर त्यांनी डाव्या हातातल्या तशाच ठेवून उजव्या हातातल्या आदल्या दिवशी साबण लावून काढल्या.

एक गोष्ट मात्र वहीत नव्हती. ताईंचे यजमान निवृत्त होते, दिवसभर घरीच असत, आणि रविवारच्या तालमीत ताईंनी त्यांना एकदाही हाक मारली नव्हती. "त्यांना सवय नाही," असे त्या म्हणाल्या. मी पुढच्या भेटीला दोघांना बोलावले. त्यांना सवय नव्हती हे खरे होते, पण "ही सांगतच नाही, मग मी काय करणार?" ही त्यांची तक्रारही खरी होती. "जरा मदत करा" हे वाक्य कोणालाच कळत नाही. "संध्याकाळी सात वाजता माझी वेणी घाला" हे कळते. वेणी त्यांनी वाईट घातली, पण घातली.

शस्त्रक्रियेनंतर रात्रीच्या मुंग्या पहिल्या आठवड्यातच थांबल्या आणि ताई खुश होत्या. हात उशीवर उंच ठेवणे, बोटे पहिल्या दिवसापासून हलवत राहणे, पट्टी भिजू न देणे हे त्यांनी काटेकोर पाळले. टाके दोन आठवड्यांनी निघाले आणि नेमके तेथूनच मन खचले. वरून हात बरा दिसत होता, म्हणून त्यांनी भरलेला कुकर उचलला. तळहाताचे बूड सुजले आणि ऑपरेशन फसले अशी त्यांची खात्री झाली. पट्टा कापल्यावर तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दाबल्यावर होणारी ही दुखणी कित्येकांना होतात आणि काही आठवडे, कधी काही महिने राहतात. जड उचलणे साधारण चार ते सहा आठवडे टाळायचे असते. ताप, पू, वाढती लाली किंवा बोटांचा रंग बदलणे दिसले तर मात्र थांबायचे नसते, थेट डॉक्टरांकडे जायचे असते. सर्जननी तपासून निर्वाळा दिला, पण माझ्या मते हा तिसरा आठवडा आधीच सांगून ठेवायला हवा होता आणि तो मी सांगितला नव्हता. तेव्हापासून मी सांगते.

दोन महिन्यांनी ताईंनी पहिल्या दहा पोळ्या लाटल्या. डबे पुन्हा सुरू झाले तेव्हा कणीक मळायला शेजारची एक बाई पगारावर ठेवली होती. अंगठ्याजवळचा खळगा पूर्ण भरलेला नाही आणि बटणे लावताना बोटे अजून चाचपडतात, असे त्या सांगतात.

मागच्या महिन्यात त्या डाव्या हाताची तारीख घेऊनच आल्या. या वेळी जेवणाचा प्रश्न नव्हता, पण शौचाला जाताना कसे करायचे हे त्यांनी आवाज खाली न करता विचारले. पाण्याचा फवारा उजव्या बाजूला बसवून घेण्याचे बोलणे चालले होते तेव्हा त्या मध्येच म्हणाल्या, "तालीम पुन्हा करावी लागणार ना, मॅडम? यांना सांगून ठेवते, रविवारी कुठे जाऊ नका म्हणून."