मुलीच्या एक्स-रेमध्ये 'दातात दात' दिसतोय म्हणे. दात काढावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही. नाव ऐकून घाबरू नका, आत खरोखर दुसरा दात नसतो. जबड्यात दात घडत असताना, तो कडक होण्याआधीच इनॅमलचा (दातावरच्या कडक आवरणाचा) थर आत दुमडतो. मोज्याचं टोक बोटाने आत ढकलावं तसा. एक्स-रेत ती घडी छोट्या दातासारखी दिसते. शास्त्रीय नाव डेन्स इनव्हॅजिनेटस. सर्वात जास्त सापडतो तो वरच्या पुढच्या दोन दातांशेजारच्या दातात, आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना. म्हणून दुसऱ्या बाजूचाही एक्स-रे काढून घ्या.

खरी गोम आहे ती दाताच्या मागच्या बाजूच्या बारीक खड्ड्यात. तिथे अन्नकण अडकतात, ब्रश पोचत नाही, आणि आतलं इनॅमल पातळ किंवा गायबच असतं. त्यामुळे वरून कीड न दिसताही आतली नस मरू शकते.

१९५७ मध्ये ओलर्स या दंततज्ज्ञांनी याचे तीन प्रकार पाडले, आजही तेच वापरतात. घडी दाताच्या हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागापुरती असेल आणि नस जिवंत असेल, तर खड्डा सीलंट (पातळ संरक्षक लेप) किंवा कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणीने) बुजवला की काम झालं. सहसा इंजेक्शनही लागत नाही. मुळापर्यंत गेली असेल तर सीबीसीटी स्कॅन (दाताचा त्रिमितीय एक्स-रे), रूट कॅनल, क्वचित शस्त्रक्रिया. हे किचकट असतं, एंडोडोंटिस्टकडेच (रूट कॅनलच्या तज्ज्ञाकडे) जा. काढणं अगदी शेवटी.

दुखत नाही म्हणून पुढे मात्र ढकलू नका.