हाय-ब्रासील हे धुक्यातलं बेट खरंच होतं का? ब्राझीलचं नाव त्यावरून पडलं का?

नाही, आयर्लंडच्या पश्चिमेला असं बेट कधीच सापडलं नाही, आणि ब्राझीलचं नाव लाल रंग देणाऱ्या ब्राझीलवूड झाडावरून आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आयरिश दंतकथेत हे बेट कायम धुक्यात असतं, सात वर्षांतून एकच दिवस दिसतं. नकाशे काढणाऱ्यांनी मात्र ते खरं धरलं: १३२५च्या सुमारास ते सागरी नकाशावर आलं, ते थेट १९व्या शतकापर्यंत टिकलं. जुन्या नकाशांत ते ओळखणं सोपं आहे, जवळजवळ गोल आकार आणि बऱ्याचदा मधोमध आरपार गेलेली पाण्याची पट्टी. १४८० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल बंदरातून एक जहाज हे बेट शोधायला निघालं, हात हलवत परतलं. पॉर्क्युपाइन बँक हा समुद्रतळाचा उंचवटा म्हणजेच ते बुडालेलं बेट, असं सर्रास सांगतात. पण तो उंचवटा १८६२ मध्ये सापडला, म्हणजे हा तर्क बराच नंतरचा.