ओव्हरटाइम म्हणजे नक्की काय: काम की पैसे?

प्रश्न असा आलाय की पगारदार माणूस रात्री उशिरापर्यंत बसला पण जादा पैसे काही मिळाले नाहीत, तर त्याला ओव्हरटाइम म्हणायचं का, आणि मराठीत अतिकाल म्हटलं तर चालेल का.

बोलण्यात म्हणतातच, पण मूळ अर्थ बघितला तर ठरलेल्या तासांच्या वरचं काम आणि त्याचा मोबदला असं दोन्ही त्यात येतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलाच करार, 1919 चा, दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास ठरवतो, आणि वरच्या तासांना नेहमीच्या दराच्या निदान सव्वापट पैसे द्या म्हणतो. भारतात नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला 1948 चा कारखाने कायदा तर थेट दुप्पट म्हणायचा. म्हणजे फुकट बसवून घेतलं तर त्याला ओव्हरटाइम म्हणण्यापेक्षा राबवून घेणं म्हटलेलं बरं :)

मराठीत मजा अशी की काम का पैसे हे क्रियापदावरून कळतं. 'काल ओव्हरटाइम केला' म्हणजे काम, 'ओव्हरटाइम बुडाला' म्हणजे पैसे, आणि 'या महिन्यात ओव्हरटाइम मिळाला नाही' म्हटलं की घोळ, जादा काम मिळालं नाही की केलेल्याचे पैसे मिळाले नाहीत ते पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. 'ओटीला थांबलोय' (ओटी म्हणजे ओव्हरटाइमच) मध्ये मात्र कामच, हॉस्पिटलात असाल तर वेगळी ओटी, ऑपरेशन थिएटरवाली, ते सोडा.

दुसरा घोळ भाषांतरवाल्यांचा. इंग्रजीत ओव्हर आणि टाइम सुटे लिहिले की अर्थ होतो हळूहळू, काळाच्या ओघात. ते न बघता 'त्वचा ओव्हरटाइम सुधारते' असं बिनधास्त छापतात, त्वचेला कोण जादा पगार देणार?

खेळातलं थोडक्यात, बास्केटबॉलमध्ये बरोबरी झाली की 5 मिनिटांचा ओव्हरटाइम, फुटबॉलमध्ये त्याच कामाला एक्स्ट्रा टाइम म्हणतात, 15-15 मिनिटांचे दोन भाग. इंज्युरी टाइम वेगळा, तो वाया गेलेला वेळ भरून काढायला असतो.

अतिकालबद्दल म्हणाल तर सरकारी कागदात 'अतिकालिक भत्ता' असतो, तिथे तो शोभतो. पण घरी फोन करून 'आज अतिकाल आहे, जेवून घ्या' कोणी म्हणणार नाही. लिहिताना मराठीच हवं असेल तर 'जादा काम' आणि 'जादा कामाचे पैसे' असं सुटं करून लिहा, वरचा घोळही होत नाही.