सशाचे डोळे

प्रिय भाचीस,

अनेक आशीर्वाद.

बाळासाठी शिवायच्या तुझ्या कापडी सशाचा बेत पाहिला. कान फार गोड बेतलेस. पण डोळ्यांना काळी बटणं लावायचं म्हणतेस, तिथे मात्र थांब. तीन-चार महिन्यांचं बाळ हाती येईल ते तोंडात घालतं. चोखून, ओढून दोरा विरत जातो. मी शिवलेल्या पहिल्या हत्तीचं बटण दोन-तीन धुण्यांतच निखळलं आणि मला बादलीच्या तळाशी सापडलं. ते बाळाच्या तोंडात गेलं असतं, या विचाराने त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. 3 वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. निखळलेला तुकडा तिच्यात पुरता मावला, तर तो घशात अडकण्याजोगा धरतात. त्यापुढे शर्टाचं बटण ते केवढं! म्हणून डोळे, नाक, मिशा सगळं दोऱ्यानेच भर, आणि तेही तुकडे जोडण्याआधी, म्हणजे गाठी आतल्या बाजूला राहतील. गळ्यातली लांब रिबीनही नको.

कापड घट्ट विणीचं सुती घे. आधी धुऊन घे, म्हणजे जे आटायचं ते आटेल. ओलं पांढरं फडकं घासून रंग उतरतो का तेही बघ. लव सुटणारं कापड कितीही मऊ लागलं तरी बाजूला ठेव.

आता शिवण. इथे घाई करू नकोस. धावदोरा फक्त कच्चा टाका म्हणून ठीक. पक्की शिवण बखियाचीच हवी, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेऊन घातलेली, टाके 2-3 मिलिमीटरचे, आणि त्याच रेषेवर दुसरी फेरी. माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडायचं कापड, 7 मिलिमीटर तरी ठेव. कानाच्या वळणावर मायेला बारीक चिरा दे, नाहीतर उलटवल्यावर कापड चुरगळून राहतं. कात्री मात्र शिलाईच्या 2 मिलिमीटर अलीकडेच थांबव. आत फायबर भरायची फट वळणावर ठेवू नकोस, पोटाच्या सरळ बाजूला पाचेक सेंटिमीटर पुरे. पंजे बाळाच्या मुठीत धरता येतील इतके बारीकच असू देत.

भरायला धुता येणारं फायबर घे. कापूस ओला झाला की गोळा होतो आणि लवकर वाळत नाही. दाणे, मणी, थर्माकोल अजिबात नको. आधी पंजांची टोकं भर, पोट शेवटी.

टाचण्या मोजून काढ आणि मोजूनच डबीत परत ठेव. एक जरी कमी भरली तरी सगळं उसवून शोध.

बाळाच्या आईला एवढं नक्की सांग, की पहिलं वर्षभर ससा खेळताना जवळ असू दे, पण झोपताना अंथरुणात नको.

तयार झाला की दोन्ही कान धरून जोर लावून ओढ. मग धुऊन वाळव आणि प्रत्येक शिवण बोटांनी चाचपून बघ. कुठे सैल लागली तर ससा तसाच माझ्याकडे घेऊन ये, दोघी मिळून उसवू.

तुझी,
मावशी