मधुमेह असताना भरभरून, संतुलित आयुष्य जगता येते का?

तुम्ही लिहिले आहे की चौतिसाव्या वर्षी मधुमेह निघाला आणि घरच्यांचे म्हणणे आहे की आता सगळे सोडावे लागेल. जगता येते, हे माझे उत्तर आहे. मात्र प्रश्नात डॉक्टरांविषयी एक ओळ आणि घरच्यांविषयी सहा ओळी आहेत, म्हणून मीही घरच्यांविषयीच लिहितो.

मला 1989 पासून, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षापासून, टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही आणि ते रोज टोचून घ्यावे लागते. नोकरी, संसार, दोन मुले आणि रविवारची टेकडी हे सगळे त्याच्यासह झाले. या आजारात मला सर्वांत जास्त त्रास साखरेने दिला नाही. तो माझ्या ताटावर नजर ठेवणाऱ्या माणसांनी दिला.

1997 च्या मे महिन्यात कराडजवळ आतेबहिणीचे लग्न होते. मी तेव्हा तीस-सत्तरचे मिश्र इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ घेत असे. त्यातला सत्तर टक्के भाग सावकाश चालणारा असतो. सकाळी साडेसातला टोचला की तो दुपारच्या सुमारास भरात येतो, आणि म्हणून एक वाजता पोटात जेवण असावेच लागते. मुहूर्त साडेबाराचा होता, परंतु नवरदेव मारुतीच्या देवळातून सव्वा वाजता मांडवात आला, अक्षता पडायला पावणेदोन झाले आणि पहिली पंगत रीतीप्रमाणे वऱ्हाडाची बसली. खिशातली ग्लुकोजची पुडी मी कपडे बदलताना खोलीवर विसरलो होतो. ती चूक माझीच, आणि ती मी कधीही नाकारलेली नाही.

अडीचच्या सुमारास मानेवरून गार घाम वाहू लागला. ग्लुकोमीटर तेव्हा आमच्या घरी नव्हता. घाम हाच आमचा मीटर. मी भिंतीला धरून स्वयंपाकाच्या बाजूला गेलो आणि समोरच्या परातीतली जिलेबी उचलली. तेवढ्यात आत्याने माझे मनगट धरले, जिलेबी काढून घेतली आणि चार बायकांसमोर म्हणाली, "तुला चालत नाही ना रे? आजच्या दिवशी तरी आम्हांला घोर लावू नकोस." मला सांगायचे होते की साखर वाढलेली नाही, उतरली आहे, पण अशा वेळी जीभ जड होते आणि माणूस नुसता चिडतो. मी हात हिसडला आणि तिथेच, कांद्याच्या पोत्यांवर, कोसळलो. आत्या डॉक्टरला बोलवा म्हणून ओरडू लागली. आचारी मात्र कढईपासून उठून आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला, "पोरगं सुईवर हाय का?" कोणीतरी हो म्हणताच त्याने जिलेबीचा पाक वाटीत घेतला, त्यात पाणी घातले, मला बसते केले आणि माझ्याच हाताने घोटघोट प्यायला लावले. दहा-पंधरा मिनिटांत मला समोरच्या साड्यांचे रंग पुन्हा ओळखू येऊ लागले.

आमच्या घराण्यात ही हकिगत आजही "चोरून जिलेबी खाल्ली आणि चक्कर येऊन पडला" अशीच सांगितली जाते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की घरच्यांना पथ्य शिकवण्याआधी साखर कमी झाल्याची लक्षणे शिकवा. रक्तातली साखर 70 (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि सावरल्यावर जेवायचे. जिलेबी या कामासाठी खरे तर बरी नव्हे, कारण तुपामुळे तिची साखर रक्तात सावकाश उतरते. आचाऱ्याने पाकच दिला, यात त्याची समज दिसते. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

पाळत ठेवण्याचा दुसरा परिणाम अधिक वाईट असतो: माणूस लपवायला शिकतो. त्या लग्नानंतर मी सात-आठ वर्षे लग्नकार्यांत इन्सुलिन टाळले, पुढे तपासण्याही टाळल्या, आणि कोणी विचारले की "साखर छान आहे" असे सांगत राहिलो. त्याची किंमत माझ्या डाव्या डोळ्याच्या पडद्याने लेझरच्या रूपाने मोजली. साखर आटोक्यात ठेवण्याला पर्याय नाही, हे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाने दाखवले आहे. टाइप वनच्या 1,441 रुग्णांच्या या अभ्यासात ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते, त्यांच्यात काटेकोर उपचारांमुळे डोळ्यांच्या विकाराचा धोका 76 टक्क्यांनी घटला. त्याच अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. संतुलन म्हणतात ते या दोन आकड्यांच्या मध्ये असते, आणि ते ज्याचे त्याला सांभाळावे लागते. मनगट धरणाऱ्या आत्याला ते सांभाळता येत नाही.

तुमचा मधुमेह बहुधा टाइप टू असेल, म्हणजे शरीर इन्सुलिन बनवते पण ते पुरेसे काम करत नाही, हे मी आधीच लिहायला हवे होते. केवळ मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर साखर अशी अचानक सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी असेल, तर एकादशीच्या दिवशी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास माझ्यासारखीच गत होऊ शकते, तेव्हा उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. साबुदाण्याच्या खिचडीने उलट साखर चढते, हे वेगळेच. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), वर्षातून एकदा डोळे आणि लघवीतील प्रथिने, रोज रात्री तळपाय, एवढे चुकवू नका.

आणि आमच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर आत्याला वाचून दाखवावे: त्या दिवशी मी जिलेबी खाल्लीच नव्हती. ती तुझ्याच हातात राहिली होती.