वाचक विचारतात : मार्चमधली कोकणची सायकल सफर

प्रश्न : आम्ही बारा जण होळीनंतर हरिहरेश्वर ते गुहागर सायकलने जाणार आहोत. सपाटीवर दिवसाला शंभर किलोमीटर सहज होतात. इथेही तोच हिशेब धरावा का? (पुणे)

उत्तर : धरू नका. नकाशात हा रस्ता समुद्रालगत दिसतो, पण प्रत्यक्षात तो प्रत्येक खाडीशी उतरतो आणि लगेच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो. चढ लांब नसतात, उभे असतात, आणि दिवसभर एकामागून एक येत राहतात. दिवसाला 50-60 किलोमीटर पुरे. हिशेब उन्हाचा करा. मार्चच्या मध्यात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. पुढे-मागे दिवे लावून सहाला निघालात, तर साडेदहापर्यंत बहुतेक अंतर मागे पडते. त्यानंतर दमट हवेत घाम वाळत नाही, चढावर वेग कमी म्हणून वाराही लागत नाही, आणि अंग तापत जाते. दुपार सावलीत काढा, उरलेले दहा-बारा किलोमीटर साडेतीननंतर करा.

वाटेत बागमांडला–वेश्वी आणि दाभोळ–धोपावे अशा दोन फेरीबोटी लागतात. सगळे एकाच खेपेत जायला हवेत, म्हणून वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, तिथे सायकल हातातच धरा.

प्रश्न : सरावात चढावर माझी चेन दोनदा तुटली. नवी घ्यावी का? (नाशिक)

उत्तर : दोनदा तुटली म्हणजे बदलाच, पण गिअर बदलायची सवयही तपासा. पायांचा पूर्ण जोर असताना गिअर टाकला की चेन आडवी ओढली जाते आणि कडीची बाजूची पट्टी पिनेतून निसटते. चढ दिसताच, पेडल हलके असतानाच, खालचा गिअर घ्या. उशीर झालाच तर अर्धा फेरा जोर सोडा आणि मग बदला.

सोबत छोटा चेन कटर आणि जोडकडी ठेवा. जोडकडी तुमच्या चेनचीच हवी. नऊ गिअरची कडी दहा गिअरच्या चेनला बसत नाही. जोडकडी नसेल तर मोडलेला भाग काढून चेन आखूड करता येते. मात्र मग पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकत्र लावू नका. चेन ताणली जाऊन मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, मोडू शकतो, आणि तो दुरुस्त करणारा वाटेतल्या गावात मिळेलच असे नाही.

प्रश्न : दरवेळी गट फुटतो, मागचे वाट चुकतात. काय करावे? (कोल्हापूर)

उत्तर : सहा-सहांचे गट करा, म्हणजे अरुंद रस्त्यावर एसटीला पुढे जायला जागा मिळते. प्रत्येक फाट्यावर एकाने थांबायचे आणि शेवटचा माणूस दिसेपर्यंत हलायचे नाही. शेवटी चालणारा अनुभवी असावा. पंप, जादा ट्यूब आणि अवजारे त्याच्याकडेच द्या, कारण पंक्चर झालेला माणूस नेहमी मागे राहतो आणि पुढे गेलेला पंप त्याच्या कामाचा नसतो.

एक चूक फार जण करतात. चढ संपल्यावर पुढे पोचलेले दहा मिनिटे विसावतात आणि शेवटचा पोचला की लगेच निघतात. ज्याला विश्रांती सर्वांत जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही! तो आल्यापासून पाच मिनिटे मोजा.

उतारावर दोन सायकलींत निदान चार-पाच सायकलींचे अंतर ठेवा. या दिवसांत झाडांचा पाचोळा वळणाच्या आतल्या कडेला साचतो आणि त्याखालची खडी दिसत नाही. ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नव्हे. सतत दाबून धरलात तर रिम तापते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

प्रश्न : पाणी किती प्यावे? (ठाणे)

उत्तर : ताशी अर्धा ते पाऊण लिटर, घोटाघोटाने. नुसते पाणी नको, घामातून मीठही जाते. ओआरएसचे पाकीट किती पाण्यासाठी आहे ते वाचा. लिटरचे पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतले तर ते फार तीव्र होते. मीठ घातलेले कोकम सरबत उत्तम, आणि ते गावोगाव मिळते. वाटेतल्या बागेतले काजू मात्र तोडू नका. बागा कुणाच्या तरी मालकीच्या असतात, आणि ओल्या काजूच्या टरफलातला चीक हाताला लागला की फोड येतात. त्या हातांनी हँडल धरवत नाही.