हाडे फोडणारा कुत्रा

प्रश्न : उत्तर अमेरिकेत पूर्वी तरसासारखी हाडे फोडून खाणारी कुत्री होती, असे वाचले. ती कुत्री होती की तरसे? आजची कुत्री त्यांचीच वंशज आहेत का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचले ते बहुधा बोरोफॅगस या वंशाविषयी असावे. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८९२ मध्ये दिलेल्या या नावाचा अर्थ ‘अधाशी भक्षक’ असा होतो. सुमारे १ कोटी २० लाख ते २० लाख वर्षांपूर्वीच्या काळात वावरलेला हा प्राणी निःसंशय श्वानकुलातला होता. तरस मात्र दिसायला कुत्र्यासारखे असले, तरी नात्याने मांजर आणि मुंगूस यांच्या बाजूचे आहे, ही गोष्ट आपल्याकडे तरस पाहिलेल्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

दोघांतले साम्य निर्माण झाले ते खाण्याच्या सवयीमुळे. बोरोफॅगसचे कपाळ घुमटासारखे फुगीर होते, जबडा आखूड व भक्कम होता आणि हाड फोडण्याचे काम त्याची चौथी उपदाढ करीत असे. तरसात हेच काम मुख्यतः तिसऱ्या उपदाढेकडे असते.

तो हाडे नुसती फोडत नसे, तर गिळतही असे, याचा पुरावा त्याच्या विष्ठेतच मिळाला. कॅलिफोर्नियातील स्टॅनिस्लॉस परगण्यात सापडलेले, ५३ ते ६४ लाख वर्षांपूर्वीचे विष्ठेचे जीवाश्म संशोधकांनी न फोडता सूक्ष्म सीटी स्कॅनने तपासले, तेव्हा आत हाडांचे तुकडे दिसले. सुमारे २४ किलो वजनाचा हा प्राणी ३५ ते १०० किलो वजनाची जनावरे खात असावा, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मांडला आहे. भक्ष्य त्याच्याहून इतके मोठे असल्यामुळे तो टोळीने शिकार करीत असावा, हा तर्क मला पटण्यासारखा वाटतो. तरसाच्या पोटात हाड जवळजवळ पूर्ण विरघळते आणि म्हणून त्याची वाळलेली विष्ठा चुन्यासारखी पांढरी दिसते. बोरोफॅगसच्या विष्ठेत मात्र हाडांचे तुकडे न विरघळता शिल्लक राहिले होते.

आता वंशजांविषयी. श्वानकुलाची तीन उपकुले मानली जातात. त्यांपैकी लांडगे, कोल्हे आणि आपली पाळीव कुत्री यांचे उपकुल तेवढे आज उरले आहे. बोरोफॅगस दुसऱ्या, आता समूळ नष्ट झालेल्या उपकुलातला होता. म्हणजे तो आजच्या कुत्र्यांचा पूर्वज नव्हे, लांबचा चुलता म्हणता येईल.